अनाथ प्रतिसाद

कीर्तनाची जुनी कॅसेट लावली की बुवांच्या आवाजामागे टाळ ऐकू येतात, पखवाज ऐकू येतो आणि पुंडलिकवरदाच्या गजराला सबंध मंडपाने दिलेली साथही ऐकू येते. ती साथ कुणी मुद्दाम नोंदवली नव्हती. बोलणारा आणि ऐकणारे एकाच मंडपात होते, म्हणून एकाच मायक्रोफोनने दोघांनाही टिपलं. लाइव्हस्ट्रीममध्ये हे आपोआप घडत नाही. तिथे बोलणाऱ्याचा आवाज आणि चित्र एका वाटेने जातं, ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद चॅटमधून दुसऱ्या वाटेने येतो आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी साठतात. नुसता व्हिडिओ उतरवून घेतला तर चॅट त्याच्याबरोबर येत नाही. चॅनेलच्या मालकाने जुनं चॅट दाखवणं बंद ठेवलं तर मूळ ठिकाणीही ते दिसत नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत देवळं बंद होती. १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका एसटीने पंढरपुराला गेल्या आणि वारकरी घरी राहिले. त्या महिन्यांत ज्यांनी पूजा आणि कीर्तनं थेट प्रक्षेपणातून पाहिली, त्यांना गजर करायला चॅटचीच जागा होती. असा एखादा व्हिडिओ आज कुणाच्या हार्ड डिस्कवर असला तर त्यात बुवा आहेत, वीणा आहे, निरूपण आहे, आणि समोर कुणीही नाही. हे ‘कुणीही नाही’ साफ खोटं आहे. माणसं होती, बोलत होती. त्यांचं बोलणं तेवढं दुसऱ्या फाइलमध्ये राहिलं.

ते परत आणण्याची साधनं आहेत, आणि ती बहुतेक कमांड लाइनवर चालणारी, बटणं-खिडक्या नसलेली अशी आहेत. वायटी-डीएलपी या साधनाकडे यूट्यूबवरच्या एखाद्या संपलेल्या लाइव्हच्या सबटायटलची यादी मागितली तर भाषांच्या त्याच यादीत ‘लाइव्ह चॅट’ हेही नाव येतं. साधनाच्या हिशेबाने प्रतिसाद ही त्या व्हिडिओची आणखी एक भाषाच. ती मागितली की जेसन स्वरूपातली मजकुराची फाइल हाती येते. तिच्यातल्या एकेका ओळीत एकेक संदेश असतो: लिहिणाऱ्याचं नाव, मजकुराचे तुकडे, इमोजीचे तपशील, आणि दोन वेळा. पहिली वेळ जगाच्या घड्याळाची, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून लोटलेले मायक्रोसेकंद. दुसरी चित्राच्या घड्याळाची, म्हणजे व्हिडिओ सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद. सबटायटलची एसआरटी फाइल याहून साधी असते. आधी अनुक्रमांक, मग ००:४२:१७,३५० अशा थाटाची सुरुवातीची वेळ, बाण, शेवटची वेळ, खाली मजकूर, आणि एक कोरी ओळ. रूपांतर करणारं साधन जगाच्या घड्याळाची वेळ टाकून देतं आणि चित्राच्या घड्याळाची ठेवतं. संदेश कधी संपला ही वेळ मूळ फाइलमध्ये नसतेच; ती साधन आपल्या मनाने घालतं.

एवढ्याशा कामात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. उपासनेत किंवा प्रवचनात श्रोता जे उत्तर देतो, ते ज्याला दिलं त्याच्यापासून तोडलं तर ते उत्तर उरतं का? माझ्या मते उरत नाही. आणि उलट बाजूने, उत्तराविना जपलेलं प्रवचनही अर्धंच राहतं. म्हणून चॅट पुन्हा चित्राशी जोडणं हे घटनेची खरी नोंद करण्याचं काम आहे. मात्र दोन गोष्टी एकाच क्षणी दिसल्या म्हणजे त्या जोडल्या गेल्या, असं मी मानत नाही. कोणतं उत्तर कशाला दिलेलं आहे हे कळलं पाहिजे. समकालिकता गौण आहे, संबंध मुख्य आहे.

या प्रश्नावर सर्वांत बारकाईने विचार केलेला मला ज्यू परंपरेत दिसतो. प्रार्थना म्हणणाऱ्याने आशीर्वचन उच्चारायचं आणि ऐकणाऱ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं, हा त्या उपासनेचा कणा. (कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींमुळे हा सोहळा मराठी मुलखालाही अगदीच परका नाही.) बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘बराखोत’ या भागात आमेन कसं म्हणू नये हे सांगितलं आहे. ते हिसकावल्यासारखं घाईचं नसावं, तोडलेलं नसावं आणि अनाथ नसावं. अनाथ आमेन म्हणजे आशीर्वचन न ऐकताच इतरांच्या मागोमाग म्हटलेलं आमेन. शब्द तोच, श्रद्धाही असेल, पण ज्यातून ते जन्मायला हवं होतं तेच वचन त्याला लाभलेलं नाही. यावरून असं वाटेल की कानांनी ऐकणं अनिवार्यच असणार. पण त्याच तालमूदच्या ‘सुक्का’ या भागात अलेक्झांड्रियाच्या भव्य सभागृहाचं वर्णन येतं. तिथे सोनार, चांदीचं काम करणारे, लोहार, विणकर असे आपापल्या धंद्याप्रमाणे वेगवेगळे बसत. सभागृह इतकं मोठं होतं की टोकाच्या लोकांना प्रार्थनेचा आवाज पोचत नसे. म्हणून मध्यभागी लाकडी चौथऱ्यावर उभा असलेला सेवक हातातलं कापड हलवी आणि ते पाहून सगळे आमेन म्हणत. न ऐकता म्हटलेलं हे आमेन अनाथ का नाही? भाष्यकारांनी हा पेच सोडवताना म्हटलं की आवाज ऐकू येत नसला तरी कोणतं आशीर्वचन चालू आहे हे त्या लोकांना ठाऊक होतं. इथे माझा मुद्दा पक्का होतो. आवाज पोचला नाही तरी चालेल, उत्तराला किंचित उशीर झाला तरी चालेल, पण उत्तर कशाला आहे ते माहीत हवं. अंतरावरच्या श्रोत्याला एका दृश्य खुणेने सभेत धरून ठेवणारं ते कापड म्हणजे लाइव्हस्ट्रीमच्या फार जवळची गोष्ट आहे.

मराठीत याच प्रश्नाची दुसरी बाजू महानुभाव पंथाच्या ग्रंथांत दिसते. तेराव्या शतकाच्या शेवटाकडे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. जे जे स्वामींच्या सहवासात होते त्यांच्याकडून त्या ऐकून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यात स्वामींची वचनं आहेत, पण ती कुणी काय विचारलं, कोण रुसलं, कोण जेवायला बसलं होतं, कोणत्या गावी मुक्काम होता, यांच्यासकट आहेत. पुढे केसोबासांनी वचनं तेवढी वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ रचला. पाठांतराला आणि तत्त्वविचाराला त्याची गरज होतीच. पण पंथाला नुसत्या सूत्रांवर भागवता आलं नाही. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून निघालं हे सांगणारे ‘प्रकरणवश’ ग्रंथ पुन्हा तयार करावे लागले. आधी प्रसंगातून वचन सोडवलं आणि मग वचनाला प्रसंग पुन्हा जोडला. गुरूचं वचन हे ईश्वराचं वचन मानणाऱ्या लोकांनाही ऐकणाऱ्यावाचून त्याचा अर्थ लागेना, ही साधी गोष्ट नाही. चॅट वगळून जपलेला प्रवचनाचा व्हिडिओ हा आजचा सूत्रपाठ आहे. त्याला प्रकरणवश हवंच. आपल्या बाबतीत ते पिढ्यांनंतर आठवून लिहावं लागत नाही. मिलिसेकंदासकट लिहिलेलं तयार आहे.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. लाइव्ह म्हणजे त्याच वेळी हजर असणं; ती वेळ गेली की जोडाजोड करून काय मिळणार? धर्मसंस्थांनीही त्या वेळेला महत्त्व दिलेलं आहे. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात पावसात उभे राहिले आणि त्यांनी ‘उर्बी एत ऑर्बी’ हा आशीर्वाद दिला, तेव्हा माध्यमांतून त्या प्रार्थनेत सामील होणाऱ्यांनाही त्याचा लाभ मिळेल असं व्हॅटिकनने जाहीर केलं होतं. तिथे आवाहन त्या वेळी सामील होण्याचं होतं, पुढे कधीतरी चित्रफीत पाहण्याचं नव्हतं. हे मी मान्य करतो. सबटायटल पाहणारा त्या सभेचा सभासद होत नाही. चॅटमध्ये ‘राम कृष्ण हरी’ लिहिणाऱ्याने त्या क्षणी नामस्मरण केलं. पाच वर्षांनी तीच अक्षरं पडद्यावर उमटली म्हणून त्याने पुन्हा नाम घेतलं असं होत नाही. नाम घ्यायचंच असेल तर ते आता पाहणाऱ्याने घ्यायचं. पण मी सबटायटलकडून सभासदत्व मागतच नाही, साक्ष मागतो. सभा झाली होती, आणि एकट्या वक्त्याची नव्हे तर सगळ्यांची झाली होती, एवढं त्यातून कळलं तरी पुरे. वैशेषिक दर्शनात आधी, नंतर, एकाच वेळी, उशिरा, लवकर या जाणिवांना काळाच्या खुणा मानलं आहे. आपल्याला कळतात त्या घटनांमधल्या या संबंधांच्या खुणा. काळाचं अनुमान त्यांवरून होतं. सबटायटल जपतं ते हेच: कशानंतर काय आलं, आणि कशाबरोबर.

एकाच वेळी नसलेले लोक एकत्र दिसले की फसवणूक होते, ही भीती अनुभवाने खरी ठरलेली नाही. जपानमध्ये डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेल्या निकोनिको या संकेतस्थळावर प्रेक्षकांच्या टिप्पण्या चित्रावरूनच उजवीकडून डावीकडे सरकत जातात. त्या व्हिडिओच्या सेकंदाला चिकटलेल्या असतात, लिहिणाऱ्याच्या घड्याळाला नाही. एकाने आज लिहिलं, दुसऱ्याने दोन वर्षांनी, तरी पडद्यावर दोघं शेजारी येतात. हामानो सातोशी यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात याला आभासी समकालिकता म्हटलं. पुढे चीनमध्ये बिलीबिलीने तीच पद्धत रुजवली, आणि असल्या टिप्पण्या हलत्या सबटायटलच्या एएसएस फाइलमध्ये उतरवणारं ‘दानमाकू-टू-एएसएस’ हे कमांड लाइनवरचं साधनही निघालं. तिथल्या प्रेक्षकाला ही माणसं आत्ता इथे नाहीत हे पक्कं ठाऊक असतं. तरीही नेमक्या त्या दृश्याला शंभर जणांनी एकच उद्गार काढलेला पाहून त्याला सोबत वाटते. ती सोबत खोटी म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक उद्गार खरोखर त्याच दृश्याला उद्देशून निघालेला आहे. अलेक्झांड्रियाच्या त्या वर्णनावरच्या भाष्यकारांची कसोटी लावली तर यातलं एकही आमेन अनाथ ठरत नाही.

खरी अडचण लाइव्ह चॅटची आहे, कारण तिथे मिलिसेकंदाचा आकडा असूनही तो चुकीच्या जागी बोट दाखवतो. बुवांनी ओवीचा अर्थ फोडला; तो दूरच्या पडद्यावर पोचायला काही सेकंद जातात. यूट्यूबने विलंब कमी करण्याचे दोन पर्याय दिलेले आहेत, त्यांतल्या एकात बहुतेकांना दहा सेकंदांच्या आत आणि दुसऱ्यात पाचच्या आत चित्र दिसतं. साधारण प्रक्षेपणात त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय देवनागरीत टाइप करायला आणखी वेळ. तोवर बुवा पुढच्या दृष्टांताकडे वळलेले असतात, आणि ‘डोळे भरून आले माउली’ हा संदेश नेमका विनोदी दृष्टांताखाली उमटतो. आकडा बरोबर आणि नातं चूक, अशी ही अवस्था. म्हणून सगळ्या वेळा काही सेकंद मागे सरकवण्याची सोय बरीच साधनं आणि प्लेअर देतात. यात नोंदीशी छेडछाड होते असं कुणी म्हणेल. मला वाटतं, न सरकवणं हीच छेडछाड आहे, कारण त्याने प्रत्येक उत्तराला दुसऱ्याच वचनाच्या पदरी बांधलं जातं. फक्त किती सरकवलं ते फाइलमध्ये लिहून ठेवावं. प्रत्येकाचा उशीर वेगळा होता, आणि एका आकड्याने सगळ्यांना न्याय मिळणार नाही, हे मान्य आहेच.

मग संपण्याची वेळ. चॅटमधल्या वाक्याला जन्माचा क्षण आहे, शेवटाचा नाही. पुढचे संदेश त्याला वर ढकलत नेतात, इतकंच. सबटायटलला मात्र शेवट लागतो. साधन चार सेकंद ठरवेल किंवा सहा, आणि त्याने आमेन तोडलेलं ठरेल की वाचता येण्याइतकं टिकेल हे ठरतं. गर्दीच्या वेळी एका सेकंदात वीस-पंचवीस संदेश येतात. पडद्यावर तीन ओळी मावतात. कुणाला वगळायचं? इथे दुसरा आक्षेप पुढे येतो की चॅट हा निव्वळ गोंगाट आहे: हात जोडल्याची चित्रं, ‘आवाज येत नाहीये’, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. गोंगाट आहेच. पण लीळाचरित्रात ज्या गोष्टींवर आज आपण जीव टाकतो त्या अशाच किरकोळ आहेत, आणि त्या गाळल्या असत्या तर उरला असता तो पुन्हा सूत्रपाठच. ‘आवाज येत नाहीये’ हे वाक्य तर मुळीच गाळू नये. त्या अर्ध्या मिनिटात पन्नास जणांनी निरूपण ऐकलंच नाही, आणि त्यानंतर त्यांनी लिहिलेला जयजयकार कोणत्या अर्थाने घ्यायचा हे त्याच वाक्यावरून कळतं. पैसे देऊन वर टिकवलेले संदेश मात्र जास्त सेकंद ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रक्षेपणाच्या वेळी त्यांना जी जागा मिळाली ती व्यवहाराची होती. साक्षीदाराने ती पुढे चालवण्याचं कारण नाही.

प्रक्षेपण सुरू होण्याआधी आलेल्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. दाराशी वाट पाहत ‘जय हरी’ लिहिणाऱ्यांच्या संदेशांपुढे दाखवलेली वेळ उणे असते: सुरुवातीच्या बारा मिनिटं आधी, तीन मिनिटं आधी. एसआरटीला उणे वेळ लिहिता येत नाही. काही साधनं हे संदेश टाकून देतात, काही ते सगळे ००:००:०० वर एकदम ओततात. तालमूदच्या भाषेत ही घाईची आमेन आहेत का? मी तसं म्हणणार नाही. घाईचं आमेन चालू असलेल्या वचनाला पुरं होऊ देत नाही. इथे वचन सुरूच झालेलं नाही, आणि ही माणसं उत्तर देत नसून एकमेकांना भेटत आहेत. सभा वक्त्याच्या पहिल्या शब्दाने सुरू होते हे गृहीतक कॅमेऱ्याचं आहे, सभेचं नाही. कीर्तन ऐकणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. म्हणून तांत्रिक उपाय असा: व्हिडिओच्या आधी तेवढ्या लांबीची कोरी चौकट जोडावी आणि सगळ्या वेळा तितक्याच पुढे न्याव्यात. एफएफएमपेगसारख्या साधनाने हे सहज होतं.

उरला तो संमतीचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. लोकांनी चॅटमध्ये बोलल्यासारखं लिहिलं. ते उघडपणे लिहिलं हे खरं, पण उघड बोलणं आणि कायमचं कोरून ठेवणं यांत फरक आहे. आजारी मुलासाठी प्रार्थना करा म्हणून लिहिणाऱ्या आईने ते त्या तासापुरतं, त्या माणसांसमोर लिहिलं होतं. विसरलं जाण्याचा तिचा हक्क मी मोडू इच्छित नाही. पण माझ्या कसोटीतच याचं उत्तर आहे. आमेन अनाथ ठरतं ते वचनापासून तुटल्याने. म्हणणाऱ्याचं नाव न कळल्याने नव्हे. अलेक्झांड्रियात मागच्या रांगेतून कोण आमेन म्हणालं हे कुणाला ठाऊक होतं? म्हणून सबटायटलमध्ये नावं घालू नयेत. कुणाच्या घरची, आजाराची, पत्त्याची माहिती असेल तो मजकूर काढावा आणि तिथे प्रार्थनेची विनंती होती एवढंच नोंदवावं. एखाद्याने आपला संदेश मागाहून काढून टाकला असेल तर तोही गेलाच समजावा. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण प्रक्षेपण चालू असतानाच चॅट उतरवून घेतलं तर फाइलमध्ये आधी तो मजकूर असतो आणि खाली तो काढल्याची सूचना असते. साधन ती सूचना वाचत नसेल तर ते साधन वापरण्याच्या लायकीचं नाही.

देवस्थानं, मठ आणि कीर्तनाची प्रक्षेपणं करणारी मंडळं आता आपल्या जुन्या व्हिडिओंची जपणूक करू लागली आहेत. त्यांनी व्हिडिओशेजारी चॅटही ठेवावं, आणि नुसती एसआरटी ठेवून थांबू नये. ती वाचायला, दाखवायला सोयीची, पण तिच्यातून जगाच्या घड्याळाची वेळ गेलेली असते, उणे वेळा गेलेल्या असतात, शेवटाच्या वेळा कुणीतरी ठरवलेल्या असतात. मूळ फाइल नावं काढून, दोन्ही वेळांसकट, वेगळी ठेवावी. तासा-दोन तासांच्या निरूपणाची ती फाइल व्हिडिओच्या मानाने अगदी किरकोळ जागा घेते. पुढच्या कुणाला आपण ठरवलेले चार सेकंद किंवा मागे सरकवलेले आठ सेकंद पटले नाहीत, तर त्याला तिच्यावरून प्रत्येक उत्तर कुठल्या वाक्याला होतं ते नव्याने शोधता येईल.